दिंडोरीच्या द्राक्ष शीतगृहाचा पीएलसी क्लाउडला जोडताना : प्रकल्प नोंदी

25 नोव्हेंबर 2024

जागेची पाहणी. द्राक्ष उत्पादक गटाचं शीतगृह, दिंडोरी तालुका. तीन प्रीकूलिंग चेंबर, चार कोल्ड रूम, अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर. पॅनेलमध्ये एक पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा औद्योगिक संगणक), दारावर टच स्क्रीन, शेजारी 16 चॅनेलचा टेंपरेचर स्कॅनर, दोन्ही मोटरवर एनर्जी मीटर. स्कॅनर आणि मीटर दोन्हीकडे आरएस-485 (वायरवरून आकडे पाठवायची सोय) आहे, पण आजवर कोणी वायर जोडलेली नाही. पीएलसीचा एक सीरियल पोर्ट स्क्रीनला गेलाय, दुसरा मोकळा.

गटाच्या अध्यक्षांची मागणी तीन वाक्यांत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मोबाईलवर खोल्यांचं तापमान दिसावं. लाइट गेली किंवा कॉम्प्रेसर ट्रिप झाला तर लगेच कळावं. आणि घरी बसून कॉम्प्रेसर चालू-बंद करता यावा. पहिल्या दोन्हींना मी तिथेच हो म्हटलं. तिसरीसाठी वेगळी बैठक मागितली.

हंगाम जानेवारीच्या मध्याला धरेल. माल बागेतून 25 अंशांच्या पुढे येतो. प्रीकूलिंगमध्ये सहा ते आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान 4 अंशांच्या खाली आणायचं, मग कोल्ड रूममध्ये शून्याच्या आसपास अर्धा अंश इकडे-तिकडे, आर्द्रता 90 ते 95 टक्के. तापमान चढलं की देठ सुकून तपकिरी पडतो. फार खाली गेलं तर देठ आणि मणी गोठतात. म्हणजे आपल्या आकड्यांत एक अंशाची चूकसुद्धा खपणार नाही.

रात्रपाळीच्या ऑपरेटर मामांशी तासभर बोललो. ते दर तासाला वहीत नोंद करतात: खोल्यांची तापमानं, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब), डिस्चार्ज प्रेशर (बाहेर पडणाऱ्याचा), ऑइल प्रेशर. मागच्या हंगामांच्या वह्या कपाटात शिस्तीत लावलेल्या. म्हणाले, "साहेब, रूम तीनचा सेन्सर दाराजवळ आहे. तो एक अंश जास्तच दाखवतो. मी मनातल्या मनात वजा करतो." ड्रॉइंगमध्ये हे कुठेच नाही. क्लाउडला मात्र कोणी मनातल्या मनात वजा करून देणार नाही. सेन्सर हलवायचा, हे कामाच्या यादीत पहिलं.

28 नोव्हेंबर

राउटर उघडून बघितला आणि काम थांबवलं. पूर्वी कोणीतरी "बाहेरून बघायची सोय" करून गेलंय. स्थिर आयपी घेतलेला, पोर्ट 502 (मॉडबसचा, म्हणजे पीएलसीशी बोलायच्या भाषेचा, दरवाजा) बाहेरून थेट पीएलसीवर फॉरवर्ड केलेला. ऑफिसात परत येऊन आमच्या नेटवर्कवरून तपासलं तर पीएलसीने निमूट उत्तर दिलं. पासवर्ड नाही, काही नाही.

त्यात पीएलसीचा दोष नाही. मॉडबस हा प्रोटोकॉल 1979 सालचा. तेव्हा एका पॅनेलमधली दोन यंत्रं वायरीवरून बोलणार एवढंच गृहीत होतं. कोण विचारतंय हे तपासण्याची सोय त्यात नाहीच. जो विचारेल त्याला आकडा मिळतो, जो लिहील त्याचं लिहिलेलं मान्य होतं.

अण्णांना फोनवर 2023 च्या नोव्हेंबरमधलं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं अ‍ॅलिक्विपा गावचं प्रकरण सांगितलं. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर पंपिंग स्टेशनचा पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि कर्मचाऱ्यांना पंप हाताने चालवायला लागले. त्या घटनेनंतर तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने सगळ्यांना ज्या सूचना दिल्या, त्यात ठळक दोन होत्या: कारखान्यातून आलेला 1111 हा पासवर्ड बदला, आणि पीएलसी इंटरनेटवर उघडा ठेवू नका. गाव लहान, यंत्र साधं, तरी शोधून काढलं. इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिंडोरी आणि अमेरिका यांत फरक करत नाहीत.

फॉरवर्डिंग आजच बंद. स्थिर आयपीची गरज संपली, महिन्याचा तो खर्चही वाचेल.

3 डिसेंबर

चालू-बंद बटणाची बैठक. अण्णा, गटाचे आणखी दोन सभासद, दिवसपाळीचे सुपरवायझर आणि मामा. मामांना मुद्दाम बोलवायला सांगितलं होतं.

अण्णांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. विजेचा दर वेळेनुसार बदलतो, स्वस्त तासांत खोल्या थंड करून ठेवाव्यात, त्यासाठी रात्री कोणाला उठवायचं कशाला. मी एकच गोष्ट विचारली: "मामा, कूलरच्या पंख्यावर बर्फ धरला की तुम्ही काय करता?" मामा म्हणाले, "पंखा बंद करतो, जाळी काढतो, आत हात घालून साफ करतो." त्याच मिनिटाला घरून कोणी बटण दाबलं तर? पॅनेलला कुलूप लावून 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची पद्धत इथे आहे, पण मोबाईलच्या स्क्रीनला ती पाटी दिसत नाही. खोलीभर शांतता झाली आणि मुद्दा तिथेच निकाली निघाला.

स्वस्त तासांचं काम पीएलसीच करेल. वेळापत्रक त्याच्यात घालू, इंटरनेट असो वा नसो ते चालेल. क्लाउड फक्त बघेल. हे मिनिट्समध्ये लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन हंगामांनी कोणीतरी नवीन सभासद पुन्हा बटण मागणार, तेव्हा हा कागद लागेल.

माझं मत याबाबत पक्कं आहे. दूरवरून बघण्याची सोय करताना जागेवरच्या माणसाच्या हातातलं काही काढून घ्यायचं नाही. उलट त्याच्या हाताला आणखी काहीतरी द्यायचं.

9 डिसेंबर

वायरिंग. स्कॅनर, दोन मीटर आणि पीएलसीचा मोकळा पोर्ट एकाच आरएस-485 लाइनवर, गेटवे (आकडे वाचून क्लाउडला पाठवणारं यंत्र) मास्टर, म्हणजे विचारणारा तोच. शिल्डेड ट्विस्टेड पेअर, एकामागून एक अशी साखळी, फाटे नाहीत. दोन टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर, शिल्ड एकाच बाजूला अर्थ. पंख्यांच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबलपासून वेगळा ट्रे.

इलेक्ट्रिशियनने आधीचाच ट्रे वापरायचा आग्रह धरला, अंतर थोडंच आहे म्हणून. त्याला पटावं म्हणून तात्पुरती वायर व्हीएफडीच्या केबलला चिकटवून टाकली आणि पंखे पूर्ण वेगात सोडले. लॅपटॉपवर सीआरसी एरर (संदेश वाटेत बिघडल्याची खूण) भराभर वाढताना त्याने स्वतः पाहिले. मग नवीन ट्रे त्यानेच मनापासून बसवला.

वेग 9600 बॉड पुरेसा आहे. एका यंत्राची विचारणा आणि उत्तर मिळून शंभर मिलिसेकंदांच्या आत होतं. खोलीचं तापमान काही सेकंदात बदलत नाही.

12 डिसेंबर

पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये आज फक्त एक भर. बाहेर दाखवायची जेवढी मूल्यं आहेत, ती सगळी एका वेगळ्या डेटा ब्लॉकमध्ये दर स्कॅनला (प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला) कॉपी होतात आणि गेटवेला तेवढाच ब्लॉक दिसतो. गेटवे फंक्शन कोड 03 आणि 04, म्हणजे फक्त वाचणं, वापरतो. समजा उद्या कोणी गेटवेच ताब्यात घेतला आणि त्या ब्लॉकमध्ये काही लिहिलं, तरी पुढच्या स्कॅनला खरी मूल्यं त्यावर येऊन बसतील. कॉम्प्रेसरच्या लॉजिकपर्यंत काही पोचत नाही. मी स्वतः 06 या लिहिण्याच्या कोडने लिहून पाहिलं: लिहिलेलं टिकत नाही.

दुपारी पीटी-100 (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा सेन्सर) याची नक्कल करणारा सिम्युलेटर लावून स्कॅनरचे सगळे चॅनेल तपासले. शून्याला 100 ओहम, दर अंशाला 0.385. 99.8 ओहम दिल्यावर स्कॅनरच्या डिस्प्लेवर बरोबर उणे 0.5 आलं, पण गेटवेकडे 6553.1. स्कॅनर एक दशांश धरून पूर्णांक पाठवतो, उणे 5 हा 16 बिटांत 65531 होतो, आणि गेटवेमध्ये हा रजिस्टर चिन्हासहित वाचायचा असं स्पष्ट सांगावं लागतं. सेटिंग बदललं, आकडा जुळला. शीतगृहात ही चाचणी सोडून चालत नाही. खोल्या रिकाम्या आणि गरम असताना सगळं ठीक दिसतं, आणि माल भरून तापमान शून्याखाली उतरतं त्या रात्री आलेख वेडावाकडा होतो.

रूम तीनचा सेन्सर दारापासून काढून परतीच्या हवेच्या वाटेत लावला. सगळे सेन्सर बर्फाच्या चुऱ्यात, पाणी घालून, ढवळत बुडवून शून्याला तपासले. मामांनी प्रत्येकाचा आकडा वहीत स्वतः लिहून घेतला.

17 डिसेंबर

क्लाउडची निवड. गटातल्या एका सभासदाच्या मुलाने तयार प्लॅटफॉर्म सुचवला होता, ज्यात सगळं त्यांच्याच अ‍ॅपमधून चालतं. मी साधा एमक्यूटीटी (छोटे संदेश पाठवायचा खुला प्रोटोकॉल) ब्रोकर, म्हणजे संदेश घेऊन वाटणारा सर्व्हर, आणि त्यामागे आपला डेटाबेस असं ठरवलं, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. कारण सांगतो. गूगलसारख्या कंपनीने आपली आयओटी कोअर ही यंत्रं क्लाउडला जोडण्याची सेवा 16 ऑगस्ट 2023 ला बंद केली. त्यावर उभी असलेली सगळी कामं दुसरीकडे हलवावी लागली. प्रोटोकॉल खुला असेल तर ब्रोकरचा पत्ता आणि प्रमाणपत्र बदलून हलता येतं. शेतकऱ्यांच्या पैशातून उभी राहिलेली यंत्रणा एका कंपनीच्या मर्जीवर टांगणं मला मान्य नाही.

एमक्यूटीटी मुळात आपल्यासारख्याच गरजेतून निघालं. 1999 मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केलं. लाइन महाग, बेभरवशाची, म्हणून संदेश छोटा. आपला मिनिटाला सुमारे 300 बाइटचा संदेश दिवसाला साडेचारशे केबीच्या आत बसतो, महिन्याला 13 एमबी. सगळा जादा भार धरून दुप्पट-तिप्पट झाला तरी सर्वात लहान डेटा पॅक पुरतो.

जोडणी कायम आतून बाहेर. गेटवे 8883 पोर्टवर टीएलएसने (सांकेतिक, सुरक्षित जोडणीने) ब्रोकरकडे जातो, प्रत्येकाचं स्वतंत्र प्रमाणपत्र. बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडा नाही.

20 डिसेंबर

कंट्रोल रूमच्या तिन्ही बाजूंनी पफ (फोम भरलेलं) पॅनेल. दोन्ही अंगांनी पत्रा, मोबाईलची रेंज आत मरते. अँटेना बाहेर खांबावर नेली. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, एक गेली की दुसरी आपोआप.

26 डिसेंबर

आज गप्प बसण्याचा प्रश्न सोडवला. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वात धोक्याचा भाग.

डॅशबोर्डवर रूम दोन 0.3 दाखवतेय, हिरव्या रंगात. पण तो आकडा आत्ताचा आहे की चार तासांपूर्वीचा? गेटवे बंद पडला तर स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि बघणारा निश्चिंत झोपतो. म्हणून तीन गोष्टी. एक, प्रत्येक आकड्याखाली तो किती वेळापूर्वीचा ते लिहिलेलं, आणि पाच मिनिटांपेक्षा जुना झाला की आकडा राखाडी होऊन त्यावर काट. दोन, एमक्यूटीटीची 'लास्ट विल' सोय: गेटवेने निरोप न घेता जोडणी सोडली तर ब्रोकर स्वतःच 'संपर्क तुटला' हा संदेश सगळ्यांना देतो. तीन, पीएलसीत दर सेकंदाला एकने वाढणारा काउंटर. तो थांबला म्हणजे गेटवे जिवंत आहे, पण पीएलसी थांबलाय किंवा वायर निघाली आहे.

तिन्ही प्रकार घडवून पाहिले: सिम काढून, गेटवेचा फ्यूज ओढून, आरएस-485 चा कनेक्टर सोडवून. तिन्ही वेळा फोनवर वेगवेगळा निरोप आला.

संपर्क तुटलेला असताना गेटवे नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि लाइन आल्यावर पाठवतो. वेळ गेटवेच्या घड्याळाची, आकडा वाचला त्या क्षणाची. ते घड्याळ एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) सर्व्हरशी जुळवलेलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत हे जुळवणं आहे, लॉग 180 दिवस देशात ठेवणं आहे आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवणंही आहे. घटना कळवायचा पत्ता कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावला.

4 जानेवारी 2025

अलार्म. हे काम ऑफिसात बसून होत नाही, म्हणून रात्रपाळीत मामांसोबत बसलो.

कोरा नियम असा होता: तापमान 1 अंशावर गेलं की अलार्म. मामांनी तो पंधरा मिनिटांत मोडीत काढला. दार उघडून हातगाडी आत नेली की सेन्सर दोन अंश चढतो. डिफ्रॉस्टला, म्हणजे कूलरवरचा बर्फ वितळवायला, पाणी सोडलं की चढतो. नवा माल आत घेतला की चढतो. या प्रत्येक वेळी फोन वाजला तर चौथ्या दिवशी मामा फोन दूर ठेवून देतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. खोटं ओरडणारा अलार्म हा खऱ्या अलार्मचा शत्रू आहे.

मग मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. डिफ्रॉस्ट चालू असताना आणि नंतर 20 मिनिटं त्या खोलीचा तापमान अलार्म थांबवायचा. एरवी 1 अंशाच्या वर सलग 15 मिनिटं राहिलं तरच. सुटताना 0.7 च्या खाली आल्यावरच सुटायचा, म्हणजे सीमेवर लुकलुकणार नाही. सक्शन प्रेशर मात्र लगेच, तिथे वाट बघायची नाही. ऑइल प्रेशर तर कॉम्प्रेसर स्वतःच ट्रिप करतो, आपण फक्त बातमी द्यायची.

"आणि साहेब, दोन्ही कॉम्प्रेसर चालू असून सक्शन खाली येत नसेल, तर तेही सांगा. कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह गळतात तेव्हा असं होतं, तापमान बिघडायच्या खूप आधी." हा नियम कोणत्याही मॅन्युअलमध्ये मला सापडला नसता. तो तसाच घातला, 30 मिनिटांच्या मुदतीने.

निरोपाचा क्रम: आधी जागेवरचा हूटर, तो थेट पीएलसीवरून, इंटरनेटशिवाय. दोन मिनिटांत कोणी 'पाहिलं' बटण दाबलं नाही तर मामांना फोन, म्हणजे खरा वाजणारा कॉल. त्यानंतर पाच मिनिटांनी सुपरवायझर, मग अण्णा. अण्णांना आधी आपल्याला कळावं असं वाटत होतं. पण त्यांना कळून ते मामांनाच फोन लावणार, मग मधली पाच मिनिटं कशाला घालवायची? ते हसले, म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

अमोनिया डिटेक्टर या साखळीत नाही. 25 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग अमोनिया) त्याचा सायरन आणि एक्झॉस्ट पंखा थेट वायरने सुरू होतो. क्लाउडला त्याची फक्त प्रत जाते. माणसाच्या जिवाचं काम मोबाईलच्या रेंजवर ठेवायचं नसतं.

18 जानेवारी

हंगाम सुरू. पहिल्या गाड्या मोहाडी आणि पालखेड भागातून. प्रीकूलिंगचे आलेख सुंदर येताहेत: चेंबर एक आणि तीन सात तासांत खाली, चेंबर दोन दीड तास मागे. माल तोच, क्रेट तेवढेच. आकडे शेजारी शेजारी लावल्यावर सुपरवायझरने आत जाऊन पाहिलं तर ताडपत्री एका कोपऱ्यात आखूड पडत होती आणि हवा क्रेटमधून जाण्याऐवजी बाजूने निसटत होती. ताडपत्री बदलली, फरक भरून निघाला.

9 फेब्रुवारी

पहाटे 2:40. लाइट गेली, जनरेटर चालू झाला, कॉम्प्रेसर परत सुरू झाले, पण रूम चारचा एक पंखा ओव्हरलोड रिलेवर ट्रिप होऊन राहिला. खोलीचं तापमान अजून शून्यावरच होतं. पूर्वी हे सकाळच्या फेरीत कळलं असतं. आता पंखा चालू असल्याचा फीडबॅक न आल्यामुळे दोन मिनिटांत हूटर वाजला. मामांनी पॅनेलला कुलूप लावलं, जाळी उघडली, पात्यांवरचा बर्फ काढला, रिले रीसेट केला. 3:15 ला पंखा चालू. फोनची साखळी सुरूच झाली नाही, कारण मामांनी 'पाहिलं' आधीच दाबलं होतं. अण्णांना सकाळी उठल्यावर नोंद दिसली.

सकाळी मामांनी वही आणि स्क्रीन दोन्ही उघडून रात्रीचे आकडे जुळवले. वही बंद करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. सेन्सर सरकला तर तो वहीतच पकडला जाईल.

24 फेब्रुवारी

स्वस्त तासांच्या वेळापत्रकात बदल हवा होता. प्रोग्रॅमर पुण्यात. त्यासाठी पॅनेलवर की-स्विच बसवला आहे: किल्ली फिरवली तरच व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची सुरक्षित वाट) सुरू होतो, लाल दिवा लागतो आणि एक तासाने स्वतःहून बंद होतो. किल्ली पाळीच्या ऑपरेटरकडे. दिवसपाळीच्या सुपरवायझरने आधी फोनवर काय बदलणार ते विचारलं, कॉम्प्रेसर दोन हाताने मॅन्युअलवर घेतला, मगच किल्ली फिरवली. बदल झाला, प्रोग्रॅमची नवी प्रत दोन ठिकाणी ठेवली, जुनी तारीख घालून जपली.

12 मार्च

हस्तांतर. गटाला दिलेलं: वायरिंगचं खरं ड्रॉइंग, रजिस्टरची यादी, पासवर्डचा सीलबंद लिफाफा, अलार्मचे नियम मराठीत छापून लॅमिनेट केलेले. गेटवेच्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या डिसेंबरात संपते. ते तेव्हाच कळलं तर ऐन तयारीत लाइन तुटेल, म्हणून ऑक्टोबरच्या देखभालीच्या यादीत घातलंय.

राहिलेलं: कंडेन्सरच्या पाण्याचा फ्लो स्विच, जनरेटरच्या डिझेलची पातळी, दाराचे लिमिट स्विच. हंगाम संपून खोल्या रिकाम्या झाल्या की एप्रिलअखेरीस. दाराचे स्विच आधी, कारण मामांचं म्हणणं आहे की दार किती वेळ उघडं राहतं ते कळलं तर अर्ध्या डिफ्रॉस्ट कमी होतील. ते तपासून बघण्यासारखं आहे. त्यासाठी पीएलसीचे चार इनपुट मोकळे ठेवले आहेत.